सासूबाईंची स्लाइड

सुपेल्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी इतकी वर्षं लोकांच्या स्लाइडी रंगवल्या, काचेवरच्या नावाकडे कधी दोनदा पाहिलं नाही. त्या दिवशी पाहिलं, कारण स्लाइड सासूबाईंची होती. छातीतली गाठ त्यांनी दोन महिने पदराखाली लपवली. मला कळलं तेव्हा धीर द्यायचा सोडून मी आधी भांडलेच. मग त्यांना ऑटोत कोंबून कोहक्याच्या घरून लॅबमध्ये घेऊन आले. वाटभर त्या मला स्वतःच्या तेरवीचा स्वयंपाक सांगत होत्या. "पाटोडीचा रस्सा पातळ नको करू, लोक नावं ठेवतीन."

आमच्या डॉक्टर मॅडमनी बारीक सुईने गाठीतलं पाणी ओढून दोन काचांवर पसरलं. गाठ त्यांनाही वाईटच वाटत होती, चेहऱ्यावर दिसतच होतं. गाठ तपासणं त्यांचं काम, माझं फक्त रंगवणं. पण रंग नीट बसला का हे बघायचा हक्क माझा, आणि तो मी बजावला. कॅन्सर शोधणारे थेट मायक्रोस्कोपच्या मोठ्या पॉवरवर जातात. मी पडले रक्ताच्या स्लाइडी बघणारी. सवयीने लहान पॉवरवर, कडेपासून सुरुवात केली. तिथंच एक जांभळं वेटोळं पडलं होतं. कापडाचा धागा समजून पुढे सरकणार होते, पण धाग्याच्या पोटात ठिपक्यांची रांग नसते.

"मॅडम!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर बाकावर बसलेले पेशंट दचकले.

मॅडमनी दोन्ही काचा कानाकोपऱ्यापर्यंत पाहिल्या आणि चक्क हसल्या. "हत्तीपायाचा जंत! पाय सोडून इथं काय करतोय हा?" कॅन्सरची एकही पेशी नव्हती. गोळ्यांवर भागणार होतं.

मी सासूबाईंना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. त्या बराच वेळ डोळा लावून होत्या.

"जिता हाय का हा?"

"नाही जी आई, मेला."

"बिचारा!"

दोन महिने जीव टांगणीला लावणाऱ्याची ही कीव! मग त्या उठल्या, दार उघडलं आणि बाकावरच्या अनोळखी लोकांना खणखणीत हिंदीत सांगितलं, "कीड़ा निकला, कीड़ा!" कुणीतरी गोंधळून "बधाई हो" म्हणालं.

मला हसू आवरेना, आणि हसता हसताच रडू फुटलं.

"तू कावून रडून राहिली वो?"

"तुम्ही गेल्या असत्या तर..."

त्यांनी माझी रंगाने निळी झालेली बोटं आपल्या हातात घट्ट धरली. "नाही गेली ना? चाल घरी. भूक लागून राहिली मले."