न पडलेली भिंत

पारावर कुणी सिनेमाचा विषय काढला की सगळे माझ्याकडं बघतेत. एक किस्सा सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो. लोक हसतेत, मी पण हसतो. शेवटचा मात्र आजवर कुणाला सांगितला न्हाई.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर टेंभुर्णीच्या माळावर रशियाचे सिनेमावाले आल्ते. त्यांच्यात एक आर्ट डायरेक्टर होता. सिनेमात दिसणारी घरं, दारं, भिंती, सगळं उभं करायचं काम त्याचं. नाव जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला नकुलसाहेब म्हणायचो. मी गवंडी. त्याचं बोलणं दिल्लीचे शर्माजी आम्हाला हिंदीत सांगायचे.

*

पहिल्याच दिवशी त्यानं घराचं चित्र दाखवलं. समोरची भिंत तेवढी, मागं बिलकुल काही न्हाई. मी विचारलं, मंग माणूस निजणार कुठं?

शर्माजी म्हणाले, "मिस्त्री, आदमी दरवाजे से अंदर जाएगा और पीछे से चाय पीने निकल जाएगा."

*

भिंत जुनी दिसावी म्हणून साहेबानं दिवसभर काजळी फासली, चहाचं पाणी शिंपडलं. तो जेवायला गेला तेवढ्यात वस्तीवरच्या सखूआजीनं शेणामातीनं सगळी भिंत सारवून काढली. वर साहेबालाच सुनावलं, "बाप्या माणसानं घर ठेवलं की असंच व्हतंय."

साहेबानं तिला हात जोडले अन् पुन्हा काजळी घोटायला बसला.

*

एक दार त्याला तिरपं पाहिजे होतं. मी ओळंबा लावून सरळ बसवलं. त्यानं तिरपं केलं. मी सरळ केलं. तिसऱ्यांदा त्यानं माझा ओळंबाच खिशात घातला!

*

अन् ती पुराची भिंत. सिनेमातल्या पुरात पाण्याचा लोंढा सोडला की ती पडायला पाहिजे होती. पाणी लांबून आणलेलं, एकदाच पुरेल एवढं. साहेबानं बजावलं होतं, निस्ती माती, चुना न्हाई. त्याच्यावरचा बडा साहेब आधीच चिडलेला. ही भिंत चुकली तर नकुलसाहेबाला घरी धाडणार, हे शर्माजींनी मला दोनदा सांगितलं.

मी बराबर म्हणलो. पण बघायला सगळा तालुका येणार अन् माझ्या हातची भिंत लोकांसमोर पडणार. मी आतून चुना घातला, गूळ घातला, पकड घट्ट बसावी म्हणून बेलफळाचा चिकट गर घातला. वरून माती लिंपली. वाटलं, एवढ्या पाण्यात पडेलच की.

पाणी सुटलं. लोंढा भिंतीला धडकला अन् दोन्ही अंगांनी निघून गेला. भिंत तशीच उभी. गावानं टाळ्या वाजवल्या. बडा साहेब ओरडून राह्यला होता. नकुलसाहेब छातीवर हात ठेवून काहीतरी बोलला.

"कह रहे हैं, गलती मेरी है, मसाला मैंने ही बताया था," शर्माजी माझ्या कानाशी म्हणाले.



दुसऱ्या दिवशी नकुलसाहेबाची पेटी जीपमध्ये चढली. जाताना तो भिंतीपाशी थांबला, नखानं माती खरवडली. बोटाला पांढरा चुना लागला. मंग त्यानं वही उघडली अन् शर्माजींच्या तोंडून मला विचारलं, ह्यात काय काय घातलं होतं?

"काही न्हाई साहेब," मी म्हणलो, "निस्ती माती."

त्यानं बोटाकडं पाह्यलं, मान हलवली अन् मी सांगितलं तेवढंच वहीत लिहून घेतलं.