नीळ दुसऱ्यांदा कुणी टाकली?

२९ फेब्रुवारी १९७२ हा मंगळवार होता. कुठल्याही जुन्या दिनदर्शिकेत हे पडताळून पाहता येते. साधे वर्ष असते तर त्या दिवशी मार्चची पहिली तारीख आली असती आणि उशी वरच्या मजल्यावर, कोरड्या इस्त्रीखात्यात असती. वर्ष लीप होते, म्हणून ती आणखी एक दिवस खाली, धुलाईच्या ओल्या फरशीवर राहिली. पुढचे सारे त्या एका जादा दिवसात घडले.

उशी हे तिचे खरे नाव नव्हे. मागेपुढे कुणी नसलेल्या मुलींच्या वसतिगृहात ती वाढली. सकाळच्या घंटेला ती दाद देत नसे, म्हणून उशी. शेजारच्या खाटेवरची मुलगी काटकुळी आणि जिभेने टोचणारी, म्हणून टाचणी. गृहमातेने अंगणात उभे राहून, "टाचणे, तुझी उशी कुठं लोळतेय?" एवढे ओरडावे, की दोघी हजर.

दोघींचा एक करार होता. काहीही सांडले, फुटले, हरवले आणि "कुणी केलं?" असा सवाल आला, की उत्तर एकच: "आम्ही." कल्पना टाचणीची, उशीने नुसती मान डोलावली होती. एकदा गृहमातेची काचेची मोठी बरणी फुटली.

"कुणी फोडली?"

"आम्ही."

"एका बरणीला चार हात कसे गं लागले?"

"जड होती, बाई," टाचणी म्हणाली.

गृहमातेला हसू आवरले नाही, पण जेवणानंतरची भांडी आठवडाभर दोघींच्या गळ्यात पडली. बरणी उशीच्या हातून निसटली होती. टाचणी त्या वेळी अंगणात कपडे वाळत घालत होती. भांडी घासताना तिने त्याचा अवाक्षराने उल्लेख केला नाही.

वसतिगृहात राहण्याचे वय सरल्यावर दोघी एकाच धुलाई कारखान्यात लागल्या. राहायला गोदामावरची खोली होती. काम होते तोवर खाट होती. खाली यंत्रांची घरघर एवढी, की कानाशी ओरडले तरी निम्मे शब्द वाफेत विरत. म्हणून नीळ टाकायच्या टाकीवर दोघींनी आपल्यापुरती एक खूण ठरवली. पितळी पळी काठावर सुलटी असली तर नीळ टाकायची आहे; पालथी असली तर टाकून झाली. बाकी कुणाला या खुणेचा पत्ता नव्हता आणि गरजही नव्हती.

सोड्याच्या पाण्याने उशीच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. रात्री ती हात पांघरुणाबाहेर ठेवून झोपे. त्यामुळे मुकादमबाईंनी, "पहिल्या तारखेपासून तू वर, इस्त्रीला," असे सांगितले तेव्हा तिला सुटल्यासारखे झाले.

"जा बाई, वर जा," टाचणी म्हणाली. "फक्त वरून खाली थुंकू नकोस."

त्या मंगळवारी टाकीत हॉटेलच्या चादरींची खेप होती. उशीने नीळ विरघळवून टाकली, चादरी खालीवर केल्या आणि पळी काठावर ठेवणार तोच जिन्यातून मुकादमबाईंची हाक आली. इस्त्रीखात्याच्या एप्रनचे माप द्यायचे होते. उशी पळी काठावर टाकून तशीच धावली. पळी सुलटी राहिली. थोड्या वेळाने टाचणी टाकीशी आली, तिने पळी पाहिली आणि नीळ टाकली.

चादरी पिळून बाहेर निघाल्या त्या निळ्या चट्ट्यापट्ट्यांच्या.

"हे काय रंगवलंत?" मुकादमबाई कडाडल्या. "हॉटेलवाल्यांनी चादरी मागितल्या होत्या, आभाळ नव्हतं मागितलं! कुणी केलं हे?"

"आम्ही," टाचणी म्हणाली.

"आम्ही-बिम्ही मला चालायचं नाही. संध्याकाळी मालक येतील, त्यांना एक नाव द्यावं लागेल. ते एकीला घालवतील, नाहीतर दोघींना. सरळ सांगा, दुसऱ्यांदा नीळ कुणी टाकली?"

मुकादमबाई उशीकडे वळल्या. "तू बोल. उद्या तुला वर न्यायचंय ना मला?"

"हिनं," उशी म्हणाली.

उत्तर खरे होते. कुणी कितीही खोदून तपासले असते, तरी त्यात खोट सापडली नसती. प्रश्न दुसऱ्यांदा टाकलेल्या निळीचा होता आणि ती टाचणीनेच टाकली होती. उशीने पुढे अनेक वर्षे स्वतःला हेच समजावले आणि ते तिला एकदाही पटले नाही.

शिवाय तेव्हा सगळे संपलेही नव्हते. मालक यायला अवकाश होता. दुपारभर दोघी त्याच चादरी पुन्हा पुन्हा साध्या पाण्यातून काढत राहिल्या. निळे पाणी मोरीतून वाहत होते आणि चट्टे फिके होत होते, जात मात्र नव्हते. एका चादरीची दोन टोके धरून दोघी उलट्या दिशांनी पीळ देत असताना यंत्र मध्येच थांबले. त्या शांततेत टाचणीने हळूच विचारले,

"उशे, पळी सुलटीच होती ना गं?"

त्या आवाजात संशय नव्हता. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास डळमळलेले माणूस शेजाऱ्याला विचारते, तसे ते विचारणे होते.

"मी बघितलं नाही," उशी म्हणाली.

"मग मीच घोळ घातला असणार." टाचणीने चादर झटकली. "चल, धर दुसरी."

संध्याकाळी नाव गेले. टाचणीने वळकटी बांधली, खोलीच्या दारात क्षणभर थांबली आणि म्हणाली, "खिडकीकडची खाट तू घे. तिथं हवा येते." उशीने ती घेतली नाही. चार दिवसांत नवी मुलगी आली, तिने घेतली.

इस्त्रीखात्यात उशीच्या हातांवरच्या भेगा भरून आल्या. कोरडी, गुळगुळीत बोटे पाहून तिला बरे वाटायचे आणि मग बरे वाटल्याचीच लाज वाटायची. लग्न झाले, संसार झाला; पण एक शब्द तिच्या बोलण्यातून गेला तो गेलाच. शेजारणीने "कुठं गेला होतात?" विचारले, तर ती सांगे, "मी बाजारात गेले होते. हेही आले होते."

"आणि मी काय, रस्ता चुकून तुझ्यामागे आलो होतो?" नवरा चिडवी. तिने त्याला कारण कधी सांगितले नाही.

सोड्याची पोती पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याकडून तिला कळले, की एका रुग्णालयाच्या धुलाईघरात एक काटकुळ्या बाई प्रमुख आहेत आणि त्यांच्या जिभेपुढे भलेभले गार होतात. तोवर उशीचे केस पांढरे झाले होते. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती तिथे गेली.

टाचणीने तिला लगेच ओळखले. उठून खुर्ची पुढे केली. "या ना, बसा. कशा आहात तुम्ही?"

उशीने शिव्यांची तयारी केली होती, रडण्याची केली होती. "तुम्ही"ची केली नव्हती.

"टाचणे, अगं, मी…"

"चहा घेणार ना? साखर चालते तुम्हाला?"

"पळी मीच सुलटी ठेवली होती," उशी एका दमात बोलून गेली. "नीळ टाकून पालथी करायची राहिली. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. मी खोटं बोलले."

टाचणीने काचेपलीकडच्या यंत्रांकडे पाहिले. तिथे मोठ्या दारांआड कपडे गोल फिरत होते. "आमच्याकडं आता नीळ यंत्रच टाकतं," ती म्हणाली. "माणसानं लक्षात ठेवायला लागत नाही." मग तिने कुणाला तरी हाक मारून दोन चहा सांगितले, आणि दोघींनी ते प्यायले.

ही हकीकत उशीच्या सांगण्यावर उभी आहे. मुकादमबाई आता नाहीत, कारखाना बंद पडला आहे आणि टाचणीने यावर बोलायला नम्रपणे नकार दिला. त्यामुळे काही गोष्टी अजून ठाऊक नाहीत. दोघींनीही "आम्ही" म्हटले असते तर मालकाने दोघींना घालवले असते की एकीलाही नाही, हे सांगता येत नाही. टाचणीला पळीचे खरे त्या दुपारीच कळले होते, की त्या चहाच्या वेळी पहिल्यांदा कळले, हे माहीत नाही. तिने उशीला माफ केले का, हे उशीलाही माहीत नाही.