मशीन काहून लावून नाही राह्यले

त्या वर्षी लाल्या रोगानं कापूस खाल्ला, दिग्रसची जिनिंग बंद पडली आणि तिथं कामाला असलेल्या आमच्या भाऊजींना, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, वेळच वेळ मिळाला. तो सगळा वेळ त्यांनी यवतमाळच्या दवाखान्यात माझं डोकं खाण्यात घालवला.

बाबांच्या पायाचं गळू चिघळलं, जंतू रक्तात गेले, बीपी खाली आलं आणि किडन्यांनी काम थांबवलं. आयसीयूत दोन दिवस झाले तरी डॉक्टर डायलिसिसचं नाव घेईनात. "आजच लावलं पाहिजे असं नाही," ते मला म्हणाले. "पोटॅशियम ठीक आहे, छातीत पाणी नाही. पुष्कळांच्या किडन्या आपोआप सुरू होतात. मशीनवर यांचं बीपी पडायची भीती आहे. गरज दिसली की लगेच लावतो. तोवर विचारल्याशिवाय तोंडात काही घालू नका."

इतकं सरळ सांगितलेलं. पण आमच्या लोकांना दवाखान्यात काहीतरी चालू असलेलं दिसावं लागतं. "मशीन हाय ना, मंग काहून लावून नाही राह्यले?" भाऊजी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. काका आले, बोरी अरबहून आत्या आली, सगळ्यांचा तोच धोशा आणि प्रत्येकाच्या हातात शहाळं. समजावून समजावून माझं तोंड दुखलं. अक्षरशः वीट आला होता या लोकांचा.

तिसऱ्या दिवशी पिशवीत थोडी लघवी दिसली. डॉक्टर पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "उद्यापर्यंत वाट पाहू."

दुपारी भेटीच्या वेळी बाबांनी डोळे उघडले. "घसा सुकला रे. काही पाज मले." सिस्टर पलीकडच्या खाटेपाशी गुंतलेली. नारळपाण्यानं लघवी मोकळी होते, असं आत्या सकाळपासून सांगत होती. मला वाटलं, सुरू झालीच आहे, थोडा जोर मिळेल. दमादमानं दोन शहाळी पाजली. जगाला अक्कल शिकवत फिरणारा मी.

संध्याकाळच्या तपासणीत पोटॅशियम चढलेलं, ईसीजी बिघडलेला. "काही दिलं का यांना?" डॉक्टरांनी विचारलं. मी खरं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "अहो, नारळपाण्यात पोटॅशियमच असतं," एवढंच बोलले आणि मशीन लावायला सांगितलं. मशीनवर बीपी पडलं, ते काही केल्या वर येईना. दुसऱ्या दिवशी बाबा गेले.

"शहाळ्यानंच गेले असं मी म्हणणार नाही," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. भला माणूस.

तेरवीला मांडवात भाऊजी पाहुण्यांना सांगत होते, "डाक्टरनं मशीन लावाले उशीर केला. नाही तं वाचले असते." मग माझ्याकडे वळले. "तू तं तिथंच व्हता. सांग ना यायले."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो, उशीरच झाला."