अर्ध्या बैलगाडीचं चित्र

वालचंदनगरला आमच्या शेजारचा एक गृहस्थ साखर कारखान्यातून आला, की पायरीवर वस्तीतल्या मुलांना चित्रालेख शिकवी. बैलगाडीचं एक चित्र म्हणजे दहा गाड्या, अर्धं म्हणजे पाच. कुणी चुकलं, की म्हणे, "घाई कशाला? ऊस पळून चाललाय व्हय?" त्याची आईविना मुलगी तेव्हा आत भाकऱ्या थापत असे.

निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेला त्या दोघांबरोबर मीही बारामतीला गेले. मुलगी हसत बाहेर आली.

"आण्णा, बैलगाड्याच आल्या होत्या. अर्धी गाडी कुठं चालती? मी पुरीच धरली."

त्या चित्रालेखावरचे सगळे प्रश्न चुकले होते, हे त्याला नि मला कळलं.

परतीच्या एसटीत ती वसतिगृहात काय काय न्यायचं ते सांगत राहिली. प्रत्येक वस्तूला तो खिडकीबाहेर बघत म्हणत होता, "घेऊ की."