मडिवाळप्पाचा कान

लातुरात औसा रोडला गॅरेजं ढीगभर. पण गाडीचं घोडं नेमकं कुठं पेंड खातंय हे कळेना झालं, की लोक मडिवाळप्पा मिस्त्रीकडं यायचे. त्याची तऱ्हा ठरलेली. बॉनेट उघडायचं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मालकानं मधेच तोंड उघडलं तर हा हातानंच गप्प करायचा. गाडी बोलून राहिली ना, मग तुमचं काय मधे, म्हणायचा. कानाचा मिस्त्री असं नावच पडलं होतं आणि गडी त्या नावावर जरा फुगलेला होता, खोटं कशाला बोला.

आता त्याच कानानं दगा दिला होता. धडधड, ठोके नीट ऐकू यायचे. बारीक आवाज तेवढे गायब. कुकरची शिट्टी गेली, मोबाइलची रिंग गेली, बायकांचं बोलणं अर्धंमुर्धं यायला लागलं. कान गेला म्हणजे धंदाच गेला, ही धास्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यानं गॅरेजात रेडिओ मोठ्यानं लावून ठेवला, म्हणजे 'काय म्हणलात?' विचारायला निमित्त. घरी तर त्याहून सोपं. बायको, सिंधु, पाठमोरी काही बोलली की हा अंदाजानं 'हाव' म्हणून मोकळा. तीही अलीकडं फारसं बोलत नव्हती. मागच्या साली तिची आई, अव्वा, उदगीरला अंथरुणाला खिळली, तेव्हा ती एसटीनं एकटीच गेली. हा पोचला तो थेट मातीला. तेव्हापासून सिंधु घुमी झाली होती. आईचं दुःख आहे, निवळेल हळूहळू, असं हा धरून चालला होता.

दिवाळी झाली आणि ज्योत्स्ना सिस्टरची पांढरी गाडी आली. बाई मूळची नायगावची, औशाकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स, रोजचं जाणंयेणं गाडीनंच. जागेवर गाडी गुमान चालायची, पण रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर दम खायची, मग झटका देऊन पळायची. दाबताना फुस्स असा आवाज येतो, हेही ती सांगायला लागली, तर मडिवाळप्पाचा हात वर. दवाखान्याचं दवाखान्यात सांगा, सिस्टर.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, प्लग बदलले. आठ दिवसांत गाडी परत. पेट्रोलचा फिल्टर बदलला, थ्रॉटल साफ केला. गाडी पुन्हा दारात. शेजारच्या गॅरेजातला स्कॅनर आणून लावला, तर इंजिनात हवा जास्त जाते एवढं सांगून तो गप्प. कुठून जाते? ते मिस्त्रीनं शोधावं. आता बोला!

तिसऱ्या खेपेला ज्योत्स्ना भांडली नाही, त्याचीच मडिवाळप्पाला जास्त भीती वाटली. आदल्या दिवशी ती हमरस्त्यावर वळत होती आणि गाडीनं ऐन मधे दम खाल्ला. मागून डाळमिलचा भरलेला ट्रक. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचली. मडिवाळप्पानं रेडिओ बंद केला. मूठ झाकायच्या नादात काल एका बाईचा जीव गेला असता.

ती म्हणाली, बसा शेजारी, मी चालवते. गावाबाहेर मोकळा रस्ता लागल्यावर तिनं पाय दाबला. गाडी अडखळली. हा बघा आला, ती म्हणाली. मडिवाळप्पानं मान हलवली खरी, पण त्याचे डोळे तिच्या ओठांवर होते. नर्सच्या नजरेतून ते कसं सुटणार? तिनं गाडी कडेला घेतली आणि त्याच्याकडं तोंड करून सावकाश विचारलं, "मामा, तुम्हाला तो आवाज येतच न्हाई ना?"

त्याला राग आला. खाली उतरून चालत जावं असं वाटलं. मग ट्रक आठवला.

"न्हाई," तो म्हणाला. "कसा येतो, कुठून येतो, तूच सांग."

आणि जन्मात पहिल्यांदा मडिवाळप्पानं गिऱ्हाइकाचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. बीपी बघायच्या पट्ट्याची रबरी नळी चिरली की दाबताना जशी हवा सुटते तसा आवाज, ती म्हणाली. समोरून येतो. पाय दाबला की येतो, सोडला की बंद.

रबरी नळी! त्यानं कपाळावर हात मारला. एअर फिल्टरकडून इंजिनाकडं जाणारा घड्याघड्यांचा रबरी पाइप त्यानं दोनदा वरून पाहिला होता. गॅरेजात येऊन तो काढला, उलटा करून वाकवला. खालच्या घडीत बोटभर चीर. जागेवर मिटलेली राहायची; जोर घेताना इंजिन हललं की उघडायची आणि हिशेबाबाहेरची हवा आत. नवा पाइप बसवला. पुन्हा त्याच रस्त्यावर ज्योत्स्नानं पाय दाबला आणि गाडी सरळ पळाली.

"गेला का आवाज?" त्यानं विचारलं. ती हसून हाव म्हणाली. तिच्या शब्दावर त्याला विसंबावं लागलं, आणि त्यात वाईट काही वाटलं नाही. उतरताना तिनं कान तपासायला यायचं कबूल करून घेतलं. कान गेला तरी गाडी दुरुस्त झाली होती. खूप दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

घरी सिंधु भाकरी करत होती. पाठमोरीच काहीतरी म्हणाली. 'हाव' जिभेवर आलेलं त्यानं गिळलं, वळसा घालून तिच्या समोर जाऊन बसला.

"मला ऐकू आलं न्हाई, सिंधु. दोन सालांपासून नीट येत न्हाई. मी नुसतंच हाव म्हणतो."

तिचा हात परातीत तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिनं ती उलटली नाही.

"मंग अव्वा लई सिरियस हाय, आज उदगीरला चला म्हणले हुते, ते?"

त्याला काहीच आठवेना. आठवणार कुठून?

"हाव म्हणलात तुम्ही," ती म्हणाली. "मी पिशवी भरून सांजंपर्यंत दारात बसले हुते."