चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेला डायव्हिंगचा संच

महाड-पोलादपूरच्या पाणबुड्या मित्रांनो, कुणी बुडालं की दोन्ही तालुके आपल्याला हाका मारतात. पण आपलं सामान ठेवायला एक खोली द्यायची कुणाची तयारी नाही!

म्हणून संच माझ्या घरी आहे. ओल लागू नये म्हणून मी तो बियाण्यासारखा चुलीवरच्या माळ्यावर ठेवला होता. आज काढला, तर धगीने श्वासाच्या नळीला चिरा पडलेल्या.

सूट ओटीवर टांगला. शेजारची काकी ओरडली, "काय रे, माणूस टांगलायस की काय? दचकले ना मी!"

"तेवढीच सोबत हाय, काकी."

ती हसली नाही.

तुम्ही सगळे मुंबईला. नदी मात्र इथेच आहे, आणि पाण्यात एकट्याने उतरायचं नाही, हा नियम आपणच केलाय. नवी नळी मी आणतो. ती पाण्यात उतरून तपासताना काठावर माझा दोर धरायला रविवारी सकाळी एक जण तरी या.