फळीखालचे ठोके

मेन स्विच मी स्वतः पाडला होता. तरी ताई फळीवरचा हात उचलेनात.

"चालू आहे," त्यांनी हातानं सांगितलं.

"बंद आहे," मीही हातानंच म्हणालो आणि काढलेला प्लग दाखवला.

मांडवगण फराट्यातलं जुनं गोदाम, दुपारचे तीन. मानसीताई बहिऱ्या आहेत. चित्रकार आहेत आणि क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनात काय कुठं ठेवायचं आणि ते प्रत्येकापर्यंत कसं पोचवायचं हे ठरवणाऱ्या. मी त्यांचा फिटर. गाव किनवटकडं, शाळा आठवीत सुटली. यवतला एका ढाब्याचं वायरिंग करत होतो, तिथनं त्यांनी मला कामावर घेतलं, खुणांची भाषा शिकवली. एवढं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं. म्हणूनच सतत धास्ती, की एक चूक झाली की परत गावाकडं.

दुसऱ्या दिवशी दौंडहून बहिऱ्या मुलांची शाळा येणार होती. मुलं आमच्या फळ्यांच्या चौथऱ्यावर अनवाणी उभी राहणार. खाली सहा शेकर बसवलेले. शेकर म्हणजे कागद नसलेला स्पीकर. तो हवेत आवाज सोडत नाही, लाकूड हलवतो. ढोल तळपायांनी ऐकायचा.

ताईंनी माझं मनगट धरलं आणि बोटानं ठोके दिले. एक. मग बराच वेळ काही नाही. एक. मग लागोपाठ दोन.

मी पालथा पडून फळीला कान लावला. शांत.

"उसाचा ट्रॅक्टर गेला असेल," मी म्हणालो. रस्ता रिकामा होता. पण 'फिटिंग ओके' असं सकाळी मीच लिहून दिलं होतं.

"ट्रॅक्टर येतो आणि जातो," ताईंचे हात म्हणाले. "हे इथंच आहे. आणि वाढतंय."

तेवढ्यात गोदामाचे मालक आप्पा आले. "काय झालं रं?"

"ताईंना खाली कुणी ठोकल्यासारखं लागतंय."

"आन् तुला?"

"मला नाही."

आप्पा हसले. "ऐकू येणाऱ्याला न्हाई, आन् न येणारीला येतंय व्हय! भारी हाय तुमची कला."

मी ते ताईंना सांगितलं. टोमणासुद्धा जसाच्या तसा पोचवायचा, हा त्यांचा नियम. ताई हसल्या नाहीत. "विचार, इथं खाली काय आहे?"

मी विचारलं. आप्पांचं हसू गेलं. "ह्या कोपऱ्यात आमची मानसं पोती रचत नव्हती. आमचं वडील नको म्हनायचं."

"का?"

"कवा इचारलं न्हाई. हीर व्हती म्हंत्यात. पर ती बुजवली की!"

चौथरा बाजूला घेतला. फरशीवर पहार आपटली. पोकळ आवाज आला. फरशी काढली तर खाली स्लॅब. विहीर बुजवलीच नव्हती, नुसती झाकली होती. सळया गंजून फुगलेल्या, मधे मुठीएवढं भोक, आणि त्यातून गार वारा वर येत होता.

बघता बघता कडेचा एक ढलपा सुटला. ताईंचं बोट माझ्या मनगटावर टेकलं, आणि त्याच क्षणी खालून आवाज आला. तो ढलपा विहिरीच्या आतल्या बांधकामावर आपटल्याचा. पहिल्यांदाच मलाही ऐकू आला.

आप्पा भिंतीला टेकले. "पोरं उभी राहनार व्हती इथं," एवढंच म्हणाले.

कोपऱ्याला कुंपण घातलं. रात्र पडायच्या आत चौथरा अंगणात हलवला. मुलं आली, नाचली, खाली उतरायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी, कुणी नसताना, तो कोपरा आख्खा खाली गेला.

मग मी ताईंना सांगून टाकलं, "ट्रॅक्टर नव्हता. मी घाबरलो होतो."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रस्ता मलाही दिसत होता."

कामावरून काढलं नाही. मात्र ओकेच्या कागदावर माझ्या एकट्याची सही आता चालत नाही. आधी ऐकू न येणारं एक माणूस फळीवर उभं राहतं.